पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मधे

ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधाबद्दल नोबेल जाहीर झाले, आणि तेव्हापासून ‘कर्करोगाचा स्विच सापडला’ या मथळ्याला ऊत आला आहे. रविवारच्या पुरवण्यांत तो आहे, व्हॉट्सअॅपवर आहे, आणि आता तपासण्या विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांतही आहे. असेच एक गुळगुळीत पत्रक मध्यंतरी ओळखीच्या एका बाईंनी माझ्यासमोर ठेवले. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गेलेली, टॅमॉक्सिफेनची गोळी रोज चालू. पत्रकाचे म्हणणे असे, की रक्ताच्या एका नमुन्यातले मायक्रोआरएनए मोजले की हार्मोनचा उपचार तुम्हाला लागू पडतो की नाही ते कळेल. बाईंचा प्रश्न सरळ होता : यात ‘नाही’ आले तर गोळी बंद करायची का?

तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही, एवढे मी तिथल्या तिथे सांगितले. पण पत्रक डोक्यातून जाईना. त्यातले एकेक विधान सुटे घेतले तर खोटे नव्हते. मायक्रोआरएनए इस्ट्रोजेन रिसेप्टरवर अंकुश ठेवतात, हे खरे. टॅमॉक्सिफेनला दाद न देणाऱ्या पेशींत काही मायक्रोआरएनए वाढलेले आढळतात, हेही खरे. फसवी होती ती या दोन खऱ्या गोष्टींची जुळणी. गाठीत रिसेप्टर असणे-नसणे ही तिची जन्मखूण आहे, असे आपण कित्येक वर्षे धरून चाललो. ती सतत राखली जाणारी, दोन्हीकडून ओढली जाणारी एक पातळी आहे, हे दाखवण्यात मायक्रोआरएनएचा मोठा वाटा होता. आणि ते दिसते न दिसते तोच आपण मायक्रोआरएनएलाच नवी जन्मखूण ठरवून मोकळे झालो. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

सुरुवातीच्या इतिहासाबद्दल वाद नाही, म्हणून तो भराभर सांगतो. अंडाशये काढल्यावर स्तनाची पसरलेली गाठ विरू शकते, हे ग्लासगोच्या जॉर्ज बीटसनने १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. ‘हार्मोन’ हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता. काही देशांत गाय व्याल्यावर तिचे दूध आटू नये म्हणून अंडाशये काढून टाकतात, हे बीटसनला तरुणपणीच ठाऊक झाले होते, आणि त्याचा धागा तिथून सुरू झाला. चारच वर्षांनी लंडनच्या स्टॅनली बॉइडने अशा शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला : गुण आला तो सुमारे तिघींपैकी एकीला. बाकीच्या दोघींनी पोट उघडून घेतले ते वायाच. ती एक कोणती, हे पुढची सत्तर वर्षे आधी ओळखता आले नाही.

ते ओळखण्याची वाट शिकागोच्या एल्वुड जेन्सनने दाखवली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्याने ट्रिटियम लावलेले इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना टोचले आणि ते कुठे टिकून राहते ते पाहिले. गर्भाशय त्याला धरून ठेवत होते, स्नायू सोडून देत होते. गर्भाशयाच्या पेशीत इस्ट्रोजेनला धरणारे काहीतरी होते : रिसेप्टर. ज्या गाठीत तो भरपूर, तिला हार्मोन तोडण्याचा उपाय लागू. १९७४ मध्ये बेथेस्डा इथे भरलेल्या बैठकीत निरनिराळ्या केंद्रांचे आकडे एकत्र आले. रिसेप्टर असलेल्या गाठींपैकी निम्म्याहून जास्त उपचाराला प्रतिसाद देत होत्या. नसलेल्यांपैकी दहा टक्केही नाही. बॉइडचे कोडे सुटले. त्याच सुमारास रिसेप्टरला अडवणारे टॅमॉक्सिफेन हाताशी आले, पोट उघडायची गरज उरली नाही, आणि हा शोध जगभरच्या लाखो बायकांपर्यंत पोचला.

या टप्प्यावरची एक गोष्ट मात्र इतिहास सांगताना बहुतेक जण गाळतात. जेन्सनच्या काळची चाचणी आकडा द्यायची. गाठीचा ताजा तुकडा गोठवायचा, कुटायचा, किरणोत्सारी इस्ट्रोजेनबरोबर मिसळायचा आणि किती चिकटले ते मोजायचे. उत्तर यायचे ‘एका मिलिग्रॅम प्रथिनामागे इतके फेम्टोमोल’. कुणाचे चार, कुणाचे चाळीस, कुणाचे चारशे. बऱ्याच प्रयोगशाळा दहावर रेघ मारत. पण ती रेघ आपण मारली आहे, हे मारणाऱ्याला आकड्यामुळे रोज दिसत असे.

नव्वदच्या दशकात ही पद्धत मागे पडून अँटिबॉडीने रंगवण्याची पद्धत आली. मेणाच्या ब्लॉकमधून पातळ काप काढायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली किती पेशींची केंद्रके तपकिरी झाली ते पाहायचे. लहानशा तुकड्यावर, जुन्या ब्लॉकवरही ती करता येते, म्हणून ती तालुक्याच्या गावापर्यंत गेली. हा फायदा मी कमी लेखत नाही. पण रिपोर्टच्या माथ्यावर आता शब्द बसला : ‘ईआर (म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह’ किंवा ‘ईआर निगेटिव्ह’. खाली अलरेड स्कोअर आठपैकी किती, टक्केवारी किती, हे लिहिलेले असते; ते कितीजण वाचतात? २०१० मध्ये अमेरिकी तज्ज्ञसंस्थांनी ठरवले, की एक टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह म्हणावे. उपचाराच्या दृष्टीने ते योग्यच होते. गोळी द्यायची की नाही, याला तिसरे उत्तर नसते, आणि थोडाही लाभ होण्याजोगा असेल तर तो हिरावून घेऊ नये. पण निर्णयासाठी मारलेली रेघ हळूहळू निसर्गाची रेघ वाटू लागली. बायका स्वतःबद्दल ‘मी निगेटिव्ह आहे’ असे बोलू लागल्या, रक्तगट सांगावा तसे. आणि ही रेघ केवळ गाठीवर ठरत नाही. गाठ काढल्यावर तासाभरात फॉर्मलिनमध्ये पडली का, तिथे सहा ते बहात्तर तास राहिली का, यावरही रंग उमटणे-न उमटणे अवलंबून असते. शनिवारी दुपारी काढलेली गाठ सोमवारपर्यंत नुसती बाटलीत राहिली, तर गाठीत असलेला रिसेप्टर कागदावर नसलेला होऊ शकतो.

दरम्यान जीवशास्त्रज्ञांना दुसराच प्रश्न छळत होता. रिसेप्टरचे जनुक १९८५-८६ मध्ये हाती आले. ते सहाव्या गुणसूत्रावर आहे. निगेटिव्ह गाठींत ते तुटलेले, हरवलेले सापडेल अशी अपेक्षा होती. तसे क्वचितच सापडले. जनुक बहुतेक वेळा जागेवर धड होते. काही गाठींत त्याच्या तोंडाशी मिथाइलचे बूच बसलेले होते, त्यामुळे ते वाचले जात नव्हते. पण काही पेशी अशा होत्या, की त्यांत जनुक वाचले जात होते, संदेशवाहक आरएनए तयार होत होता, आणि तरी रिसेप्टरचे प्रथिन दिसत नव्हते. हुकूम निघत होता, काम होत नव्हते. मधे कोणीतरी अडवत होते.

मायक्रोआरएनएची जन्मकथा नोबेलमुळे सगळ्यांनी वाचली आहे, तेव्हा इथेही थांबत नाही. १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत बावीस अक्षरांचा एक आरएनए सापडला. तो प्रथिन बनवत नव्हता. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाच्या शेपटीला चिकटून त्याला आवरत होता. २००० मध्ये असाच दुसरा सापडला आणि तो माणसातही निघाला. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने रक्ताच्या एका कर्करोगात असे दोन मायक्रोआरएनए गायब असल्याचे दाखवले, आणि २००५ मध्ये स्तनाच्या गाठींतले मायक्रोआरएनए मोजले गेले.

आता मला जिथे रेंगाळायचे आहे ती तीन वर्षे : २००७ ते २००९.

रिसेप्टरचा संदेशवाहक आरएनए नजरेसमोर आणा. प्रथिन बनवण्याची सूचना आहे ५९५ अमिनो आम्लांची, म्हणजे साधारण अठराशे अक्षरांची. तिच्यामागे जी शेपटी लोंबते ती जवळजवळ त्रेचाळीसशे अक्षरांची. मजकुराच्या दुपटीहून लांब अशी ही शेपटी, जिच्यातून एकही अमिनो आम्ल बनत नाही. मायक्रोआरएनए येऊन बसतात ते मुख्यतः इथे. सात-आठ अक्षरे जुळली तरी त्यांना पुरते. ज्याच्या संदेशाला एवढी लांब शेपटी आहे, त्याच्यावर लक्ष ठेवणारे एक-दोन नसणार, हे त्या लांबीवरूनच ताडता येते.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठातील ब्रायन अॅडम्स, हेन्री फर्नो आणि ब्रूस व्हाइट यांनी मिर-२०६ या मायक्रोआरएनएवरचे काम छापले. एरवी हा स्नायूंत वावरणारा. त्यांनी तो एमसीएफ-७ पेशींत घातला. डेट्रॉइटमध्ये एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून १९७० मध्ये घेतलेल्या पेशींचा हा वंश; हार्मोनवर पोसणाऱ्या कर्करोगाबद्दल आपण जे जाणतो त्यातले बरेचसे या पेशींनी शिकवले आहे. मिर-२०६ शेपटीवर बसला आणि रिसेप्टर घटला. इथपर्यंतचा भाग सगळे सांगतात. ‘मिर-२०६ ईआरला बंद करतो’ हे वाक्य इथूनच निघाले.

पण त्याच लेखात दुसरा अर्धा भाग आहे. अॅडम्स आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने पाहिले : रिसेप्टरला चेतवले तर मिर-२०६ चे काय होते? तो घटतो. म्हणजे मिर-२०६ रिसेप्टरला दाबतो आणि रिसेप्टर मिर-२०६ ला. दोघे एकमेकांचे हात धरून उभे. यात मालक कोण आणि नोकर कोण, हे विचारण्यात अर्थच उरत नाही. एका वेळी जो वरचढ, तो दुसऱ्याला आणखी खाली ढकलतो, आणि म्हणूनच पेशी दीर्घकाळ ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ राहू शकते. बाहेरून जन्मखुणेसारखे जे स्थिर दिसते, ते आतून दाबादाबीने टिकवलेले असते.

पुढच्या वर्षी मिर-२२१ आणि मिर-२२२ या जोडीवर दोन शोधनिबंध आले. एकाने दाखवले, की टॅमॉक्सिफेनला सरावलेल्या एमसीएफ-७ पेशींत ही जोडी वाढलेली असते आणि पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या पी-२७ प्रथिनाला ती दाबते. दुसरा रिसेप्टरबद्दलच होता, आणि संदेश आहे पण प्रथिन नाही अशा ज्या पेशींनी कोडे घातले होते, त्याच त्याने घेतल्या. या पेशींतली मिर-२२१/२२२ ची जोडी हटवली तेव्हा रिसेप्टर परत आला. अंशतः. हा ‘अंशतः’ लेखकांनी प्रामाणिकपणे सारांशातच लिहिला आहे. नंतरच्या उद्धरणांत मात्र तो गळत गेला, आणि आज माहितीपत्रकात वाचायला मिळते, की या जोडीला हटवले की निगेटिव्ह गाठ पॉझिटिव्ह होते. २०१० मध्ये इथेही उलटी बाजू उघडी पडली : रिसेप्टर स्वतः या जोडीच्या जनुकावर बसून तिला गप्प करतो.

२००९ मध्ये चित्र आणखी भरले. लंडनमधल्या एका गटाने दाखवले, की इस्ट्रोजेनमुळे चेतलेला रिसेप्टर मिर-१७-९२ या झुपक्याचे उत्पादन वाढवतो, आणि त्या कुळातले काही मायक्रोआरएनए पुढे रिसेप्टरलाच आवरतात. म्हणजे इथे तो स्वतःचा लगाम स्वतःच तयार करतो. टोकियोच्या शिगेआकी काटो यांच्या प्रयोगशाळेने त्याहून खोलची गोष्ट दाखवली. मायक्रोआरएनए जन्मतः लांब असतो. ड्रोशा नावाचे विकर त्याला कापून आकाराला आणते. इस्ट्रोजेन धरलेला रिसेप्टर ड्रोशाच्या जुळणीला जाऊन चिकटतो आणि काही मायक्रोआरएनएंची ही कापणी थांबवतो. कोणते मायक्रोआरएनए परिपक्व होऊ द्यायचे, यातही रिसेप्टरचा हात आहे.

या तीन वर्षांत घडलेला बदल सगळे चुकीचा वाचतात, असे मी म्हणतो. प्रचलित वाचन असे : रिसेप्टरच्या वर बसलेला अधिकारी सापडला. पुरावा सांगतो तो असा, की वर बसलेला कोणी नाहीच. प्रत्येक वेळी अधिकारी म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले, तो काही महिन्यांत किंवा वर्षा-दोन वर्षांत रिसेप्टरच्याच हुकमतीखाली निघाला.

मोजमापही हेच सांगते. सप्टेंबर २००८ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध आले, एक डेव्हिड बार्टेल ज्यात होते त्या अमेरिकी गटाचा, दुसरा बर्लिनच्या निकोलाउस रायेव्स्की यांच्या गटाचा. एक मायक्रोआरएनए वाढवला किंवा काढला तर पेशीतल्या हजारो प्रथिनांचे काय होते, ते त्यांनी प्रथमच सरसकट मोजले. शेकडो प्रथिने हलली, पण फारच थोडी. बहुतेकांची घट निम्म्यापर्यंतही नव्हती. ज्यांना स्विच हवा होता त्यांची निराशा झाली, आणि तो निष्कर्ष कर्करोगाच्या चर्चेत फारसा उतरलाच नाही. मला तो या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उसाला रात्री दारे धरणाऱ्याला विचारा. खोऱ्याने ओढलेल्या दोन पाट्या मातीने पाट अडत नाही, पण पाणी सरीच्या कडेला लागलेले असेल तेव्हा कोणती सरी भिजणार आणि कोणती कोरडी राहणार, ते त्या दोन पाट्याच ठरवतात. रिसेप्टर भरपूर असलेल्या गाठीत मिर-२०६ थोडा वाढला तरी बिघडत नाही. पातळी काठावर आली असेल, मिथाइलचे बूच अर्धवट बसले असेल, वाढीचे दुसरे संकेत जोर करत असतील, तेव्हा तीच थोडीशी वाढ तोल ढळवू शकते. परिणाम लहान आहे आणि जागा मोक्याची आहे. दोन्ही एकदम लक्षात धरावे लागते.

हे न धरल्याची किंमत चुकवलेली आहे. मिर-३४ हा गाठींना आवरणारा मायक्रोआरएनए म्हणून गाजला, आणि त्याची कृत्रिम प्रत चरबीच्या थेंबांत भरून कर्करोगाच्या रुग्णांना देण्याची पहिली चाचणी झाली. २०१६ मध्ये ती थांबवावी लागली. रुग्णांच्या प्रतिकारशक्तीने उग्र उठाव केला होता आणि त्यात जीव गेले. त्यात वाहक थेंबांचा वाटा किती हा वेगळा प्रश्न. पण जो रेणू शेकडो प्रथिनांना थोडा थोडा हात लावतो, तो अंगभर ओतला तर गाठीबाहेरच्या पेशींत काय होईल, ही चिंता त्याच्या स्वभावातच आहे. रक्तचाचणीचेही तसेच. तांबड्या पेशींत मिर-१६ आणि मिर-४५१ ठासून भरलेले असतात. सुई नीट लागली नाही, नमुना हिंदकळला, थोड्या पेशी फुटल्या, की आकडे बदलतात. शिवाय रक्तातला मायक्रोआरएनए गाठीतूनच आला, हे कशावरून? हार्मोनचा उपचार का बोथट झाला हे रक्तातून पाहायचे असेल, तर आज त्यासाठी सिद्ध झालेली वाट वेगळी आहे : रिसेप्टरच्या जनुकातच झालेले उत्परिवर्तन शोधणे. इस्ट्रोजेन बनवणारे अरोमाटेज हे विकर रोखणाऱ्या गोळ्यांवर दीर्घकाळ असलेल्या, रोग पसरलेल्या रुग्णांत ते आढळते, आणि ते सापडले तर देण्याजोगे औषध २०२३ पासून अमेरिकेत मंजूर आहे. त्या चाचणीच्या मागे रुग्णांवरचा पुरावा उभा आहे. माहितीपत्रकातल्या चाचणीमागे पेशींच्या थाळ्या आहेत, आणि त्या थाळ्या सांगतात ते पत्रकात लिहिलेले नाही.

मला कोणी म्हणेल, की मग मायक्रोआरएनएचा रुग्णाला उपयोग काय? आजच्या तारखेला औषध म्हणून स्तनाच्या कर्करोगात नाही. पण त्यांनी बदललेल्या समजुतीचा आहे, आणि तो पुष्कळ आहे. २०२० मध्ये त्याच अमेरिकी संस्थांनी एक ते दहा टक्के पेशी रंगलेल्या गाठींना ‘लो पॉझिटिव्ह’ असे वेगळे नाव दिले आणि त्यांच्या वर्तनाबद्दल खात्रीने बोलता येत नाही, हे रिपोर्टमध्येच लिहायला सांगितले. आकडा थोडासा परत आला. ते पाऊल रंगवलेल्या स्लाइडींच्या अनुभवावरून पडले, मायक्रोआरएनएवरून नव्हे. पण काठावरच्या गाठी अशा का वागतात, याचे जे काही स्पष्टीकरण आपल्याकडे आहे त्यात २००७-०९ ची ती तीन वर्षे आहेत.

आणि पातळी राखली जाते हे एकदा मानले, की ती ढळू शकते हेही मानावे लागते. रोग पाच-सात वर्षांनी यकृतात किंवा हाडात परत येतो तेव्हा त्यातला रिसेप्टर मूळ गाठीतल्यासारखाच असेल असे नाही. काही रुग्णांत पॉझिटिव्हचा निगेटिव्ह झालेला असतो, थोड्यांत उलटही. म्हणून नवा तुकडा काढून पुन्हा तपासावा असे मार्गदर्शक नियम सांगतात. विदर्भ-मराठवाड्यातून मेणाचे ब्लॉक पिशवीत घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांची फेरतपासणी तिथे होते. पण रोग उलटल्यावरही जुन्याच रिपोर्टवरून गोळी ठरवली जाते, असे आपल्याकडे कितीतरी ठिकाणी चालते, कारण सर्वांच्या मनात ती जन्मखूण असते. रक्तातल्या मायक्रोआरएनएवर हजारो रुपये घालण्यापेक्षा ते पैसे या दुसऱ्या तुकड्यावर घालावेत. हाडातला तुकडा आम्लात मऊ करताना रिसेप्टरचा रंग उडू शकतो, म्हणून पर्याय असेल तर यकृतातला किंवा काखेतल्या गाठीतला घ्यावा, तो वेळेत फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ बाटलीवर लिहून घ्यावी, आणि रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या शेजारी टक्केवारी मागावी.